शेगडीची वही

धुराडं साफ करणाऱ्या माणसाने पहिल्या वर्षी आतली सगळी घाण बादलीत भरून माझ्यासमोर आणून ठेवली, तेव्हा मी आधी त्याच्याकडेच संशयाने पाहिलं. काजळी म्हणजे काळी मऊ भुकटी, एवढं मला ठाऊक होतं. बादलीत तसलं काही नव्हतंच. डांबराच्या वड्या मोडाव्यात तसे काळे, चकचकीत, कडक तुकडे होते. एकाला बोट लावलं तर चिकटलं.

"रात्री शेगडी कोंडून ठेवता ना, ताई?" त्याने विचारलं.

मी अभिमानाने हो म्हटलं. आमची पद्धतच होती ती. झोपण्यापूर्वी शेगडी गच्च भरायची, हवेच्या दोन्ही खिट्ट्या बंद करायच्या, की सकाळपर्यंत लाकडं नुसती धुमसत राहायची. उठल्यावर राखेखाली निखारे सापडले की मला केवढा आनंद व्हायचा. एकतीस वर्षं हिशेब लिहिण्यात गेली आहेत माझी, त्यामुळे रात्रभराची ऊब सहा लाकडांत भागली हे वहीत लिहिताना मला जरा जास्तच बरं वाटायचं.

"वाचवलेलं लाकूड हे इथं आहे," तो बादलीकडे बोट दाखवून म्हणाला. "आणि नळीच्या आत हे पेटलं ना, तर आगगाडी गेल्यासारखा आवाज येतो. मग पाणी घेऊन धावू नका, हवा बंद करा, घराबाहेर पडा आणि अग्निशमनवाल्यांना बोलवा."

तो गेला. मी बराच वेळ त्या बादलीजवळ बसून होते. जमाखर्चात चूक सापडली की पोटात जो खड्डा पडतो, तोच पडला होता. त्या दिवसापासून वहीतले रकाने बदलले. आज लिहिते आहे ते त्या वहीतलंच आहे.

आधी नावाचं सांगते. दार, काच आणि छतातून बाहेर गेलेली नळी असलेल्या या लोखंडी वस्तूला आमच्याकडे शेगडीच म्हणतात. स्टोव्ह म्हटलं की मला रॉकेलचा वास येतो. चूल म्हणावी, तर चुलीला दार कुठे असतं? सासूबाई तिला "ती पेटी" म्हणतात. का म्हणतात ते पुढे येईल.

बादलीनंतर मी पहिली गोष्ट केली ती शेगडीशी नाही, मेणबत्तीशी. कुणीही करून बघावी अशी आहे. मेणबत्ती चांगली जळू द्यायची आणि मग हलकेच फुंकर मारून विझवायची. वातीतून पांढरट धुराची रेघ वर जाते. त्या रेघेत, वातीपासून दोन बोटं वर, पेटती काडी धरायची. ज्योत धुरावरून उडी मारून खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते. धूर जळतो. म्हणजे धूर हे जळून उरलेलं काही नाही, जळायचं राहून गेलेलं काही आहे. माझ्या बादलीतही तेच होतं, फक्त थंड नळीला चिकटून घट्ट झालेलं. त्याला क्रिओसोट म्हणतात हे मला नंतर कळलं.

लाकडाचंही तसंच आहे. ज्वाला दिसते ती लाकडाची नसते, लाकडातून निघालेल्या वायूंची असते. लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी वाफ होऊन जातं. तोपर्यंत ते शंभर अंशांच्या फार पुढे सरकत नाही. मग दोनशे-अडीचशे अंशांपासून लाकडाचं विघटन होऊ लागतं आणि ते वायू सोडतं. कोरड्या लाकडाच्या वजनातला पाऊण भागाहून जास्त असा वायू होऊनच निघून जातो, आणि लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता त्या वायूंत असते. मागे उरतो तो कोळसा, म्हणजे आपले निखारे. हे वायू पुरते जळायचे तर सहाशे अंशांच्या आसपास धग हवी, पुरेशी हवा हवी आणि दोघांची गाठ पडायला थोडी जागा आणि वेळ हवा. यातलं एक जरी कमी पडलं तरी वायू न जळताच नळीत शिरतात. नळीचा आतला पृष्ठभाग साधारण १२० अंशांच्या खाली असला की त्यातलं बरंच काही तिथेच थिजतं. रात्री खिट्ट्या बंद करून मी हवाही तोडत होते आणि धगही. निखारे सकाळपर्यंत टिकायचे कारण कोळसा सावकाश जळतो. अर्ध्याहून जास्त माल मात्र रात्रीच वर निघून गेलेला असायचा.

एवढं कळल्यावर पाण्याकडे लक्ष गेलं. ओलं लाकूड वाईट हे सगळेच सांगतात. का वाईट, याचं ठरलेलं उत्तर असं की पाण्याची वाफ करण्यातच सगळी उष्णता खर्च होते. मी हिशेब मांडून बघितला. नुकतं तोडलेलं लाकूड घ्या, निम्मं पाणी, निम्मं लाकूड. दोन किलोत एक किलो पाणी. एक किलो कोरड्या लाकडात साधारण साडेअठरा मेगाजूल उष्णता असते आणि एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला अडीच-पावणेतीन लागतात. म्हणजे तूट साताठ रुपयांत एक रुपया. वाईट आहे, पण बादलीभर डांबर येईल इतकं वाईट नाही. मी दोनदा आकडे तपासले.

मग लक्षात आलं की पाणी उष्णता थोडीच खातं, पण ऐन वेळेला खातं. वायू निघत असतात नेमकं तेव्हाच ती वाफ शेगडीचं पोट थंड ठेवते. सहाशेची गरज, आत तीन-साडेतीनशे. म्हणजे खरं नुकसान त्या एका रुपयाचं नाही. त्या एका रुपयापायी उरलेल्या सातांतले तीन-चार धूर होऊन जातात, ते खरं नुकसान.

पुढचं वर्ष सगळं लाकडात गेलं.

तीन ढलप्या घेतल्या, खडूने आकडे घातले आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजनं केली. पहिली २ किलो ३४० ग्रॅम भरली. तिच्याच शेजारच्या तुकड्याची एक चकती ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवली आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत तासातासाला तोलली. (घरात दोन दिवस सुतारखान्याचा वास होता. हे काही बोलले नाहीत, पण खिडक्या उघडत फिरले.) चकतीचं वजन बरोबर निम्म्यावर आलं. म्हणजे पहिल्या ढलपीत एक किलो १७० ग्रॅम लाकूड आणि तेवढंच पाणी. अकरा महिन्यांनी तीच ढलपी तोलली तेव्हा १ किलो ४१० ग्रॅम भरली. एका ढलपीतून ९३० ग्रॅम पाणी वाऱ्याने फुकट काढून नेलं होतं. तेच काम मी आधी शेगडीकडून करून घेत होते.

तिसरा आकडा मी मुद्दाम न फोडलेल्या ओंडक्यावर घातला होता. सालीसकट गोल. तो ४ किलो १२० ग्रॅमवरून अकरा महिन्यांत ३ किलो ४६० वर आला, म्हणजे अजून चाळीस टक्के पाणी आतच. साल ही झाडाने पाणी धरून ठेवायलाच केलेली असते. ओंडके रचून दोन वर्षं ठेवली म्हणजे वाळली असं मानणाऱ्यांनी एक ओंडका फोडून मधला भाग गालाला लावून बघावा. गार लागतो.

तेव्हा आधी फोडायचं, मग रचायचं. मनगटाएवढ्या ते फार तर दंडाएवढ्या जाडीचे तुकडे, जमिनीपासून वीतभर उंच, उन्हाच्या आणि वाऱ्याच्या वाटेत, दोन रांगांमध्ये हात जाईल एवढी फट ठेवून. वर छप्पर हवं, बाजू उघड्या हव्यात. पहिल्या वर्षी आम्ही अख्ख्या राशीला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला होता, अगदी बाळाला गुंडाळावं तसा. चार महिन्यांनी उघडला तर आत हिरवी-पांढरी बुरशी आणि कागदाच्या आतून पाण्याचे थेंब. लाकडाने सोडलेलं पाणी आम्ही त्यालाच परत पाजत होतो.

हलकं लाकूड सहा महिने ते वर्षात तयार होतं, जड आणि घट्ट लाकडाला दोन वर्षंही लागतात. राळेच्या लाकडाने नळीत डांबर धरतं असं फार ऐकलं होतं, म्हणून आम्ही ते आणायचंच टाळायचो. नीट वाळलेलं असेल आणि जाळ मोकळा असेल तर तसं काही होत नाही. ओलं आणि कोंडलेलं असेल तर कुठलंही लाकूड डांबर करतं.

ओलावा मोजायचं दोन सुयांचं छोटं यंत्र मिळतं. उपयोगी आहे, पण त्याने मला दोनदा फसवलं. एकदा मी ढलपीच्या बाहेरून मोजलं, चौदा आलं. फोडून आतल्या ताज्या बाजूला सुया टोचल्या, सत्तावीस. तेव्हापासून मी फोडल्याशिवाय मोजत नाही, आणि सुया रेषांच्या दिशेने टोचते. दुसरी फसगत हिशेबाची होती. माझी पहिली ढलपी वजनाप्रमाणे सतरा टक्के यायला हवी होती आणि यंत्र वीस दाखवत होतं. रात्रभर डोकं खाल्लं त्याने. शेवटी उलगडलं ते असं: यंत्र पाण्याला कोरड्या लाकडाने भागतं, मी एकूण वजनाने भागत होते. २४० भागिले ११७० म्हणजे वीस आणि वर थोडे, २४० भागिले १४१० म्हणजे सतरा. दोघंही बरोबर. यंत्रावर वीसच्या आत असलं की मी आता लाकूड घरात घेते. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनी दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघाव्यात. सुक्या टणकन वाजतात, ओल्या थप्प. सासूबाईंना कुठलंच यंत्र लागत नाही.

सासूबाईंचा आणि माझा खरा वाद झाला तो पेटवण्यावरून.

मी कुठेतरी वाचलं होतं की शेगडी वरून पेटवावी. सगळ्यात खाली जाड लाकडं दोन, बोटभर फट ठेवून. त्यांच्यावर आडवी मनगटाएवढी दोन-तीन. त्यांच्यावर बोटाएवढ्या काटक्यांची चौकट, आडव्या-उभ्या, दोन-तीन थर. आणि माथ्यावर ढलप्यांचा भुगा, कागदाच्या दोन गाठी, एक काडी. हवेच्या खिट्ट्या पूर्ण उघड्या. मी हे रचत असताना सासूबाई मागे खुर्चीवर बसून बघत होत्या.

"अगं, जाळ वर चढतो. खाली उतरलेला कुणी बघितलाय?"

"बघू तरी आई, एकदा."

"बघ. मला शाल आणून दे आधी."

मी काडी लावली. खरं सांगते, पहिली पाच मिनिटं मलाही लाज वाटत होती. नुसता माथ्यावर एक छोटा दिवा तेवत होता आणि खाली जाड लाकडं गारढोण बसली होती. मग काटक्यांची चौकट मधोमध खचली, निखारे दुसऱ्या थरावर पडले आणि जाळ एक पायरी खाली आला. धूर मात्र दिसेना. खालचं लाकूड तापून वायू सोडत होतं, पण त्या वायूला वर जायची वाट ज्वाळेतूनच होती. जाता जाता तो जळत होता. आपण नेहमी पेटवतो त्यात उलट होतं. तळाचा जाळ वरच्या गार लाकडांना तापवतो, ती धूर सोडतात, आणि धुराच्या वाटेत पुढे काही पेटतं नसतं.

सासूबाईंना अर्थातच हे पटलं नाही. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी आम्ही रीतसर परीक्षा घेतली. लाकडं एकाच राशीतली, वजन करून सारखी. हे घड्याळ घेऊन अंगणात उभे राहिले, धुराड्याच्या तोंडाकडे बघत. खालून पेटवली त्या दिवशी डोळ्यांना दिसेल असा धूर एकोणीस मिनिटं होता. वरून पेटवली त्या दिवशी पाच. ह्यांनी दोन्ही आकडे आत येऊन मोठ्याने वाचून दाखवले. सासूबाई म्हणाल्या, "एकोणीस मिनिटं थंडीत उभा राहिलास? डोक्याला काही बांधलं होतंस का?" त्यांच्यापुरता विषय संपला होता.

पण आठवड्याने त्या स्वतः शेगडी पेटवताना दिसल्या. वरून. आणि मला न विचारता एक सुधारणाही केली होती. खालची दोन जाड लाकडं मी सपाट बाजू वर करून ठेवायचे, त्यांनी फोडलेल्या बाजू एकमेकींकडे तोंड करून ठेवल्या. "एकटं लाकूड रडतं," त्या म्हणाल्या. "दोघांना समोरासमोर बसव." शेगडीतल्या आगीबद्दल याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही. एका लाकडाची धग समोरच्याला लागते, समोरच्याची परत त्याला. एकच ओंडका कितीही मोठा असला तरी त्याची धग लोखंडाला जाते आणि तो काळा पडून धुमसत बसतो.

लाकूड भरायचं ते ज्वाला पूर्ण विझायच्या आत, निखारे लाल असताना. निखारे पुढे ओढून घ्यायचे, मागे एक-दोन ढलप्या. दार उघडायच्या आधी हवा पूर्ण मोकळी करायची, मग दार बोटभर उघडून क्षणभर थांबायचं आणि मगच सावकाश पूर्ण उघडायचं. ओढून उघडलं की धूर खोलीत येतो. मग नव्या लाकडाने सगळीकडून पेट घेईपर्यंत हवा कमी करायची नाही. मी पूर्वी एकदम पाच लाकडं टाकायचे आणि लगेच हवा आवळायचे. आता दोन टाकते, तासाभराने पुन्हा दोन. उठाबशा वाढल्या, पण लाकूड दिवसाला जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी लागतं. वहीत आहे.

हवेच्या खिट्ट्यांबद्दल बरेच जण गोंधळतात, मीही गोंधळले होते. खालची हवा जाळीतून येते, ती मुख्यतः कोळशासाठी. लाकडाला पेटताना तिचा उपयोग, एकदा पेट घेतला की बंद. वरची हवा काचेवरून खाली घसरत येते आणि वायूंना मिळते. ती कधीही पूर्ण बंद करायची नाही. दोन्ही सताड उघड्या ठेवल्या तर शेगडी घोंगावते, बघायला छान वाटतं, आणि उष्णता खोलीत पडायच्या ऐवजी नळीतून पळते. नळीवर लोहचुंबकाने चिकटणारा तापमापक लावला आहे. त्यात १२० ते २५० अंशांच्या दरम्यान काटा असेल तर मी शांत असते. पण त्याहून जास्त मी काच बघते, वैद्य जीभ बघतो तशी. कोपरे तपकिरी झाले म्हणजे लाकूड थोडं ओलं. मधोमध काळी म्हणजे हवा आवळली. ज्वाला पिवळी, मोकळी, शेंड्याला स्वच्छ असेल तर ठीक. मळकट नारिंगी आणि शेंड्याला काळी वळलेली असेल तर तिला हवा हवी आहे. काच पुसायला ओला कागद त्याच शेगडीच्या मऊ राखेत बुडवून चोळायचा. विकतचं काही लागत नाही.

आणि बाहेर जाऊन धुराड्याकडे बघायचं. हे कुणी करत नाही. आपण आत ऊब घेत बसतो आणि धुराड्याचं तोंड शेजाऱ्यांना दिसतं. थंडीत पांढरी वाफ निघते, ती दोन हातांवर विरून जाते. धूर निळसर किंवा राखाडी असतो आणि लांबवर रेंगाळतो. पेटवल्यावर पंधरा-वीस मिनिटांनीही धूर दिसत असेल तर काहीतरी चुकतं आहे.

रात्रीच्या उबेचं मग काय केलं? १७६७ साली स्वीडनमध्ये लाकडाची टंचाई होती आणि क्रोनस्टेड व व्रेडे या दोघांना कमी लाकडात घर तापवणारी शेगडी करायला सांगितलं गेलं. त्यांनी आग कोंडली नाही. ती जोरात जळू दिली आणि धुराला विटांच्या पोटातून वर-खाली वळसे घालायला लावले. विटा तापतात, आग विझते, विटा रात्रभर ऊब देत राहतात. हे वाचून मला दोन दिवस वाईट वाटलं. अडीचशे वर्षांपूर्वी सुटलेलं गणित मी वहीत चुकीचं मांडत बसले होते. तशी शेगडी बांधणं आमच्या घरात शक्य नव्हतं. शेगडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं अंतर राखून मागे विटांची जाड भिंत मात्र उभी केली. संध्याकाळी तीन तास मोकळा जाळ, मग विझू द्यायचं. पहाटे भिंतीला हात लावला तर कोमट असते. खोली पूर्वीपेक्षा दोन अंशांनी गार असते हेही लिहून ठेवते, आणि एक पांघरूण जास्त लागतं.

बाकी बारीकसारीक. राख सगळी काढायची नाही, दोन-तीन सेंटिमीटरचा थर ठेवायचा, लाकूड त्यावर चांगलं जळतं. काढलेली राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घराबाहेर, फरशीवर. तिसऱ्या दिवशी मी राख चाळली तेव्हा खाली एक लाल डोळा माझ्याकडे बघत होता, तेव्हापासून झाकण ठेवायला विसरत नाही. दाराच्या कडेने हवा अडवायला जी दोरी बसवलेली असते तिची परीक्षा कागदाने: पट्टी दारात धरून दार लावायचं, ती सहज ओढली गेली तर दोरी गेली. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड, चकचकीत कागद, प्लॅस्टिक यांतलं काहीही आत जात नाही. जुन्या औषधी लाकडात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असू शकतं, आणि ते जळून नाहीसं होत नाही, राखेत आणि धुरात राहतं. ह्यांनी एकदा जुन्या दाराची फळी हळूच आत सारली होती. "नुसता रंगच तर आहे." रंगात शिसं असू शकतं, हे मी त्यांना जरा मोठ्या आवाजात सांगितलं.

कार्बन मोनॉक्साइडचं सूचकयंत्र मात्र बारीकसारीकात मोडत नाही. त्या विषारी वायूला वास नाही, रंग नाही. एका संध्याकाळी स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा चालू होता, सगळ्या खिडक्या बंद, शेगडी नुकती पेटवलेली. पंख्याने घरातली हवा ओढली, घराला हवा हवी होती, ती धुराड्यातून उलटी आली. खोलीभर धूर. धूर दिसला तरी. विझत आलेले निखारे असते तर नुसता हा वायू आत आला असता आणि दिसला नसता. पंखा बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या. तेव्हापासून शेगडीजवळची खिडकी दोन बोटं उघडी असते. सासूबाई "ती पेटी" म्हणतात ते यामुळेच. उघड्या जाळाला जो वारा आपोआप मिळायचा तो या पेटीला मागून आणून द्यावा लागतो, असं त्यांचं म्हणणं.

आणि एक गोष्ट आहे जी मला आवडत नाही, पण लिहिते. हे सगळं नीट करूनही शेगडी निर्मळ होत नाही. हवेतले बारीक कण मोजणारं छोटं यंत्र आणलं आहे. एरवी ते आठ-नऊ दाखवतं. दार उघडून लाकूड घातलं की साठपर्यंत जातं आणि उतरायला चाळीस मिनिटं घेतं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस आहे की पीएम २.५ हे कण चोवीस तासांच्या सरासरीत घनमीटरभर हवेत १५ मायक्रोग्रॅमच्या वर नसावेत, वर्षाच्या सरासरीत ५ च्या वर नसावेत. आमची दिवसाची सरासरी कधी आत बसते, कधी नाही. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात ३२ लाख माणसं गेली असा त्याच संघटनेचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक उघड्या जाळावर किंवा साध्या चुलीवर रांधणाऱ्या घरांतली, माझ्यासारखी हौसेने काच पुसत बसणारी नव्हेत. पण यंत्र दोघींत फरक करत नाही. म्हणून वारा पडलेल्या, धुकं जमिनीला चिकटलेल्या दिवशी आम्ही शेगडी पेटवत नाही. सासूबाईंना खोकला असेल तेव्हाही नाही. त्या दिवशी विजेवरचा हीटर चालतो आणि मी तो खर्च वहीत वेगळ्या रकान्यात लिहिते.

या वर्षी धुराडं साफ करायला तोच माणूस आला. नळीतून अर्धा मग तपकिरी, कोरडी भुकटी निघाली. तो काही बोलला नाही. वर चढून टोपीची जाळी मात्र काढून आणली, ती निम्मी बुजली होती. "हे दर दोन महिन्यांनी खालून दुर्बिणीने बघत जा," म्हणाला. ह्यांना दुर्बीण आणायला निमित्त मिळालं.

काल तिसऱ्या राशीतली एक ढलपी फोडून मोजली. तेवीस. हे म्हणाले, चालेल की, तीनच तर जास्त आहेत. सासूबाईंनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली, दुसरीवर आपटली आणि ऐकलं.

"पुढच्या वर्षी," त्या म्हणाल्या. मी तसं लिहून घेतलं.